वनबीएचकेमध्ये सहा वर्षांच्या मुलीसाठी क्राफ्टचा कोपरा कसा लावावा? टेबल आणि ऑर्गनायझर कोणता घ्यावा?

टेबल घेऊ नका. पंधरा दिवसांत त्यावर इस्त्रीचे कपडे येऊन बसतात आणि मुलगी खाली फरशीवरच पसरते. चोवीस खणांचा रंगीत ऑर्गनायझरही नको. टिकल्या आणि मणी खणाखणांत लावण्यात आईबाबांचा रविवार जातो, पोरीच्या हातून काही होत नाही.

लहान घरात अडचण काम करताना येत नाही, काम अर्धवट राहिलं की येते. ओलं, अर्धं झालेलं काहीतरी रात्रभर ठेवायचं कुठे, हे आधी ठरवा. छताला कपडे वाळत घालायच्या दांड्या असतील, तर भिंतीकडची एक तिच्या नावावर करून टाका. खाली अंथरायला मीटरभर रेक्झीन आणि पसारा आवरायला एक परात. कोपरा झाला.

आता पहिलं काम म्हणून आकाशकंदील घ्या. पुठ्ठ्याचा तयार किट नव्हे, बांबूच्या कामट्यांचा. बुरुडाकडून ५-६ मिलिमीटर रुंदीच्या कामट्या आणा आणि २२ सेंटीमीटरचे २४ तुकडे करा. शिवाय ३० सेंटीमीटरचे दोन. कापायचं काम तुमचं. कडांवरून पॉलिश पेपर फिरवायचं तिचं, पण शेवटी तुम्ही एकदा बोट फिरवून बघा. कुसळ शिरलं की त्या दिवशीचं काम संपलं म्हणून समजा.

प्रत्येक लहान तुकड्याला दोन्ही टोकांपासून १ सेंटीमीटरवर पेन्सिलची खूण करा. गाठ खुणेवरच पडली पाहिजे, म्हणजे बाजू २० सेंटीमीटरची होते. गोधडीचा जाड दोरा घ्या आणि बांधण्याआधी ओला करा, कोरडी गाठ कामटीवरून घसरते. चार तुकड्यांचा एक चौकोन, असे सहा चौकोन. चार चौकोन कोपऱ्यावर उभे धरून शेजारचे कोपरे एकमेकांना बांधले की कडं तयार होतं. वरची चार टोकं पाचव्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना, खालची चार सहाव्याच्या. एकूण १२ सांधे. मधले आठ त्रिकोण बांधावे लागत नाहीत, ते आपोआप येतात. मुलांना हे फार आवडतं.

इथेच बहुतेकांचा कंदील बिघडतो. सांगाडा हातात घेतला की पिळतो, वरचा चौकोन एकीकडे फिरतो आणि सगळं चपटं होत जातं. लोकांना वाटतं गाठी सैल राहिल्या, म्हणून ते गाठी आवळत बसतात. दोष गाठींचा नसतो. त्रिकोण बाजूंनीच पक्का होतो, चौकोन होत नाही, तो कलतो. सहा चौकोन, म्हणजे सहा ठिकाणी कर्ण हवा. वरच्या आणि खालच्या चौकोनात ३० सेंटीमीटरची एकेक कामटी तिरकी बांधा. वरचीला होल्डर टांगता येतो, खालच्या अर्ध्या मोकळ्या जागेतून बल्ब लावायला हात जातो. बाजूच्या चार चौकोनांत कामटीची सावली दिसेल, म्हणून तिथे दोरा. पण दोरा एकाच दिशेला धरतो, तेव्हा दोन्ही कर्णांवर ताणा. दोन्ही कर्ण २८ सेंटीमीटरच्या आसपास आले की चौकोन सरळ झाला. दोन-तीन मिलिमीटरचा फरक कागद झाकतो.

सांगाडा रात्रभर दांडीवर. दुसऱ्या दिवशी कागद.

कागद पतंगीच घ्या. घोटीव कागदातून उजेड नीट येत नाही, तो पट्ट्यांना ठीक. जिलेटीनवर खळ धरत नाही. आणि हो, खळच. दोन मोठे चमचे मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मंद आचेवर ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन पारदर्शक झाक आली की उतरवा. पूर्वी कीड लागू नये म्हणून यात मोरचूद टाकायचे. ते विषारी आहे, मुलांच्या हातात द्यायच्या खळीत अजिबात नको. बिनमोरचुदाची खळ दोन दिवसांत आंबते, पण एका कंदिलाला तेवढी पुरते.

‘फेविकॉल असताना खळ कशाला शिजवायची’ हे दर दिवाळीत ऐकून माझे कान किटलेत. कशाला ते सांगतो. सहा वर्षांच्या मुलीचा कागद पहिल्यांदा वाकडाच बसतो. खळीवर तो अलगद सरकवता येतो, फेविकॉल धरायला लागला की उचलताना फाटतो. शिवाय फेविकॉल पतंगी कागदावर कडक डाग सोडतो आणि दिवा लावल्यावर तो डागच आधी दिसतो. पुढच्या वर्षी जुना कागद काढायचा तर खळ ओल्या फडक्याने सुटते. फेविकॉल कामटीवरून खरवडत बसा.

चार चौकोन आणि आठ त्रिकोण, सगळीकडे १ सेंटीमीटर जादा सोडून कापा. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा. खळ कामटीला लावा, कागदाला नाही. कागदाला लावली तर तो लोळागोळा होतो आणि रंग सुटतो. बोटाने लावू दे, ब्रश नको, बोटाला किती लागली ते कळतं. कागद ताणू नका.

खालच्या चौकोनाच्या चार बाजूंना झिरमिळ्या तिसऱ्या दिवशी: २० सेंटीमीटर रुंद, ४५ लांब असे चार कागद, वर ४ सेंटीमीटर सोडून सेंटीमीटरच्या पट्ट्या. बोथट कात्रीने हे सगळं ती करू शकते, वाकडं झालं तरी वाऱ्यावर काही दिसत नाही.

आता तुमच्या ऑर्गनायझरचं. तीन दिवसांत कळेल की तीन खोकी पुरतात: बांधायचं, कापायचं, चिकटवायचं. सामानाच्या जातीवरून नाही, कामावरून. दोरा बांधायच्यात, आणि गाठीसाठी लागणारी सुईही तिथेच, ‘शिवणकामा’त नाही. तुमची मोठी कात्री आणि कटर मात्र तिचा हात पोचणार नाही अशा फळीवर.

दोन गोष्टी राहिल्या. बल्ब ५ वॅटचा एलईडी, जुना पिवळा तापणारा नको, आणि वायरीचं काम मोठ्यांनीच करायचं. दिवाळी झाली की कागद सोलून फक्त सांगाडा माळ्यावर टाका, खळीच्या वासाला झुरळं येतात. आणि फेविकॉल एका जागी मान्य: बाराही सांध्यांवर एकेक थेंब. तिथे तो खळीपेक्षा चांगला.