दिवाळखोरीचा अर्ज करायच्या आधी कार्डाची उरलेली लिमिट वापरून घेऊ का?

नका वापरू. मेहुण्याला आधी फेडू का, या प्रश्नाचंही उत्तर ‘नाही’च. आणि कऱ्हाडजवळचा तीन गुंठ्यांचा प्लॉट भावाच्या नावावर बक्षीसपत्राने करायचं तर डोक्यातूनच काढून टाका.

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: वाकडचं क्लाउड किचन (फक्त ऑनलाइन ऑर्डरवर चालणारं स्वयंपाकघर) बंद पडलं, आता ३८,००० पगाराची नोकरी आहे, आणि चार कार्डं, दोन पर्सनल लोन, काही ॲपवाले, एक पतसंस्था आणि मेहुणा मिळून साधारण २३ लाखांचं देणं आहे. एका कार्डावर अजून १,४०,००० ची लिमिट शिल्लक आहे. ‘नाहीतरी दिवाळखोरीचा अर्ज करणारच आहे, तर त्यात मुलीची फी, फ्रिज आणि थोडं सोनं घेऊन टाकू का?’ हा तुमचा प्रश्न.

मी वकील नाही. एका सहकारी बँकेच्या वसुली खात्यातून निवृत्त झालो, म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसणारा माणूस. त्यामुळे बुडणाऱ्या माणसाच्या शेवटच्या काही महिन्यांची स्टेटमेंटं मी भरपूर वाचली आहेत. बँकेचा वकील ती कशी वाचतो ते सांगतो. तो शेवटच्या पानापासून सुरुवात करतो. किराणा, पेट्रोल, औषधं यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पेन थांबतं ते सराफाच्या नावाशी, मोबाइलच्या दुकानाशी, आणि एकाच ठिकाणी लागोपाठ झालेल्या गोल आकड्यांशी: ४५,०००, ५०,०००, पुन्हा ४५,०००. वाकडला राहणाऱ्या माणसाने भोसरीच्या हार्डवेअरच्या दुकानातून आठवड्यात १,४०,००० चं काय नेलं? काही नेलेलं नसतं. दुकानदाराने दोन-अडीच टक्के कापून रोख दिलेली असते. हे ‘रोटेशन’ आपल्यालाच सुचलंय असं प्रत्येकाला वाटतं.

आता कायदा. व्हॉट्सॲपवर फिरतं की २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेखाली कुणीही अर्ज करून मोकळं होऊ शकतो. तसं नाही. त्या संहितेचा व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. तुमच्या-माझ्यासारख्यांना अजून ब्रिटिशांच्या काळातलेच कायदे आहेत: मुंबई शहरात १९०९ चा, म्हणजे अर्ज उच्च न्यायालयात, पुण्यासह बाकी महाराष्ट्रात १९२० चा प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायदा, म्हणजे अर्ज जिल्हा न्यायालयात. जुना किती, तर अर्ज करायला किमान कर्ज ५०० रुपयांचं हवं असं त्यात लिहिलंय. (नव्या संहितेत गरिबांसाठी ‘फ्रेश स्टार्ट’ नावाची सोय आहे, तीही लागू झालेली नाही. झाली असती तरी वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या आत आणि कर्ज ३५,००० च्या आत अशी अट आहे. ही सोय नेमकी कुणासाठी केली होती ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.)

या १९२० च्या कायद्यात दोन टप्पे आहेत. आधी कोर्ट तुम्हाला नादार ठरवतं. तेव्हा तुमची मालमत्ता कोर्टाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या (मालमत्ता सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या) ताब्यात जाते. कर्जातून सुटका लगेच होत नाही, त्यासाठी नंतर वेगळा अर्ज करावा लागतो आणि खरी परीक्षा तिथे असते. कलम ४२ वकिलाकडून वाचून घ्या. फेडता येईल अशी वाजवी आशा नसताना कर्ज काढलं असेल, तर कोर्टाला बिनशर्त सुटका देता येत नाही, आणि आशा होती हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर असते. उधळपट्टी, जुगार, बेफाम सट्टा, हिशेबाच्या वह्या न ठेवणं हेही त्याच यादीत आहे. म्हणजे अर्ज करायचं ठरवल्यानंतर घासलेलं कार्ड हा तुमच्याविरुद्धचा तयार पुरावा. इथे तर तुम्ही तो बेत लिहूनच टाकलाय. शिवाय फसवून काढलेलं कर्ज सुटका मिळाली तरी माफ होत नाही.

मेहुण्याचं प्रकरण नाजूक आहे, समजतं. बँकेला तोंड दाखवावं लागत नाही, मेहुण्याला दिवाळीला दाखवावं लागतं. पण कायद्याच्या नजरेत तोही एक सावकारच, आणि यादीत बाकीच्यांच्या रांगेत. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाला झुकतं माप देण्यासाठी पैसे दिलेत, तर ते देणं रद्द ठरतं आणि रिसीव्हर ती रक्कम मेहुण्याकडून परत मागू शकतो. नाती वाचवायला दिलेले पैसे कोर्टाची नोटीस घेऊन त्याच्या दारात जाणार. त्यापेक्षा त्याला घरी बोलावून पूर्ण यादी समोर ठेवा आणि स्पष्ट सांगा. बक्षीसपत्राचंही तेच. अर्जाच्या आधी दोन वर्षांच्या आत फुकट दिलेली मालमत्ता कोर्ट परत खेचू शकतं. सातबाऱ्यावरचा फेरफार लपत नाही. भाऊ उगाच अडकेल, आणि लपवाछपवी केली असं ठरलं तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

मग करायचं काय?

पहिलं म्हणजे आजपासून नवं कर्ज शून्य. ॲपचा हप्ता दुसऱ्या ॲपने भरणं इथेच थांबवा. चारही कार्डं कपाटात टाका, ऑनलाइन दुकानांत सेव्ह केलेले नंबर काढून टाका, त्यांच्यावर लागलेली ऑटो-पेमेंटं बंद करा. घर रोखीने किंवा डेबिट कार्डाने चालवा. भाडं, वीज, किराणा, शाळेची फी, औषधं, नोकरीला जायचं पेट्रोल, आरोग्य विम्याचा हप्ता हे खर्च करायला घाबरू नका. जगण्याच्या खर्चाला कुठलंही कोर्ट उधळपट्टी म्हणत नाही. फक्त बिलं ठेवा. फी पगारातून हप्त्याहप्त्याने भरता येते, शाळेत विचारलंत तर बहुतेक ठिकाणी ऐकतात. फ्रिज जुना चालेल. सोन्याचा विषय संपला.

दुसरं, चारही कार्डांचा ‘मिनिमम ड्यू’ (दर महिन्याची किमान रक्कम) भरत बसू नका. तुम्ही लिहिलंय की तो भरताय म्हणून अजून ‘क्लीन’ आहात. हिशेब करून बघा. १ लाख थकबाकी, महिन्याला साडेतीन टक्के धरले तर व्याज ३,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३०. तुम्ही ५,००० भरलेत, मुद्दल घटलं ८७०. चार कार्डांवर ९ लाख म्हणता, म्हणजे पगारातले ४५,००० जायला हवेत, आणि पगार ३८,००० आहे. मधला फरक ॲपवाले भरतायत! हे क्लीन नव्हे. थकबाकी होऊ द्यायची हा निर्णय कडू आहे, सिबिल पडेल, फोन येतील. पण तो आज घेतलात तर कर्ज फेडायला नवं कर्ज काढणं तरी थांबेल.

पगाराचं खाते कर्ज असलेल्याच बँकेत असेल तर बदला. थकलेल्या हप्त्यापोटी बँक त्याच बँकेतल्या तुमच्या खात्यातून पैसे वळते करून घेऊ शकते, आणि पगाराच्या दिवशी शिल्लक शून्य दिसल्यावर भांडायला कुणी वेळेवर सापडत नाही. जिथे एकही कर्ज नाही अशा बँकेत साधं बचत खातं उघडा. हे कुणापासून लपवायचं नाही, अर्जात हे खातंही लिहायचंच आहे.

पीएफला हात लावू नका. हे ठळक अक्षरांत लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं. कार्डवाल्यांच्या फोनला कंटाळून माणसं पीएफ काढतात, आयुर्विम्याची पॉलिसी मोडतात आणि ते पैसे व्याजात जिरवतात. वास्तविक पीएफ आणि आयुर्विम्याच्या रकमेला जप्तीपासून कायद्याचंच संरक्षण आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये यादी आहे: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, बाईने धर्मरीतीप्रमाणे अंगावेगळा करायचा नसतो तो दागिना, म्हणजे मंगळसूत्र. नादारीतही हीच यादी लागू. पगाराचे पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. तुमच्या ३८,००० चा हिशेब केला तर जास्तीत जास्त १२,३०० च्या आसपास जप्त होऊ शकतात, बाकी घराचे. जे कुणी घेऊच शकत नाही ते आपणहून नेऊन का द्यायचं? बायकोचं स्त्रीधनही तुमच्या कर्जाला बांधलेलं नाही. मात्र तिला कुठल्याही नव्या कागदावर सहकर्जदार म्हणून सही करू देऊ नका; फोनवर गोड बोलून ‘टॉप-अप देतो, फक्त मॅडमची सही’ असं सांगणारे आहेत.

चेक कुणाला लिहून देऊ नका. चेक परत गेला की चेकबाबतच्या कायद्यातल्या कलम १३८ चा फौजदारी खटला, आणि नादारीचा अर्ज त्याच्या आड येत नाही. नुसत्या कर्जापायी तुरुंग होत नाही. पैसे असून द्यायचे नाहीत असा खोटेपणा दिसला तरच दिवाणी कोर्ट अटकेपर्यंत जाऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केलंय. त्यामुळे ‘उद्या पोलीस घेऊन येतो’ म्हणणाऱ्या एजंटाला नाव, बँक आणि ओळखपत्र विचारा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही. तक्रार आधी बँकेकडे लेखी, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

आता माझं स्पष्ट मत. तुम्ही नादारीचा अर्ज करूच नये असं नाही, पण आधी तडजोड करून बघा. नादार ठरल्यावर सुटका होईपर्यंत ५० रुपये किंवा त्याहून अधिक उधार घ्यायचं तरी समोरच्याला ‘मी नादार आहे’ हे सांगावं लागतं, न सांगणं गुन्हा आहे. निकाल लागेपर्यंत जाणारा काळ वेगळाच. पगारदार माणसाचे असे अर्ज माझ्या टेबलावर फार आले नाहीत. बिनतारण कर्जं बहुतेक तडजोडीतच मिटली. बँकांनी एकरकमी तडजोडीचं धोरण ठेवावं असं रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये लेखी सांगितलंय, तेव्हा हे मागणं म्हणजे भीक नव्हे. कऱ्हाडचा प्लॉट इथे कामाला येतो: योग्य भावात, उघडपणे, बँकेतून पैसे घेऊन विका आणि ती रक्कम तडजोडीसाठी बाजूला ठेवा. कुणाला किती द्यायचं ते वकिलाला विचारून, सगळ्यांना एकाच मापाने. पत्र बँकेच्या लेटरहेडवर हातात आल्याशिवाय रुपयाही भरायचा नाही, आणि भरायचा तो थेट कर्जखात्यात, एजंटाच्या यूपीआयवर कधीच नाही. लोकअदालतीची नोटीस आली तर जरूर जा. तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. सिबिलवर ‘सेटल्ड’ असा शेरा पडेल, ते मान्य करूनच पुढे जायचं. आणि ‘तुमचं लोन आम्ही अर्ध्यात मिटवतो’ म्हणून आधी फी घेणाऱ्या जाहिराती इन्स्टावर दिसतात, त्यांना मी माझ्या शत्रूचाही नंबर देणार नाही. ते जे पत्र लिहितात ते तुम्ही स्वतः लिहू शकता.

दोन्हीपैकी काहीही करा, कागद तेच लागतात: ज्याचं ज्याचं देणं आहे त्याचं नाव, पत्ता, रक्कम, कधी घेतलं, कशासाठी घेतलं. चारही क्रेडिट ब्युरोंकडून (म्हणजे कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांकडून) वर्षातून एकदा अहवाल फुकट मिळतो, तो काढलात की बँका आणि नोंदणीकृत ॲपवाले त्यात सापडतील. मेहुणा त्यात सापडणार नाही, त्याला हाताने लिहा. किचनची खरेदीची बिलं, स्विगी-झोमॅटोचे हिशेब, भाड्याचा करार, सगळं एका फाइलीत. धंदा खरा होता आणि खरोखर बुडाला हे दाखवणारी तीच कागदपत्रं.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही: पतसंस्थेच्या कर्जाला जामीन कोण आहेत? पतसंस्था सहसा जामीनदाराशिवाय कर्ज देत नाही, आणि तिला दिवाणी दाव्याच्या चकरा माराव्या लागत नाहीत. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवला की ती तुमच्याइतकीच जामीनदाराच्या मागे लागू शकते. उद्या कोर्टाने तुम्हाला मोकळं केलं तरी जामीनदार मोकळा होत नाही. ते जुन्या ऑफिसातले मित्र असतील तर त्यांना नोटिशीतून कळायच्या आधी तुमच्याकडून कळू द्या. नावं नकोत, पण जामीनदार पगारदार आहेत का आणि त्यांना याची कल्पना आहे का, एवढं खाली लिहा. त्यावरून पतसंस्थेचं आधी मिटवायचं की नाही, आणि वकिलाला त्याबद्दल नेमकं काय विचारायचं, ते सांगतो.