कोलायटिसमागे जनुकं असतील, तर तो कधी पेटतो आणि कधी शांत राहतो, असं का?

तुम्ही विचारलंय की अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला वारंवार दाह होण्याच्या आजारात, जनुकांचाही हात असतो असं डॉक्टर म्हणाले. पण जनुकं तर जन्मापासून तीच, मग आजार महिनोन्‌महिने गप्प राहून मध्येच का उसळतो?

मी पेशीजीवशास्त्र शिकवतो आणि नऊ वर्षांपासून मलाही हाच आजार आहे. हा प्रश्न मलाही खूप छळायचा.

जनुक असणं वेगळं आणि ते चालू असणं वेगळं. डोळ्यातल्या आणि आतड्यातल्या पेशीत डीएनए एकच असतो, वाचली जाणारी जनुकं निराळी. आतड्याच्या दाहाशी संबंधित २००हून जास्त जागा डीएनएवर सापडल्या आहेत. क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्याच दुसऱ्या आजाराशी जोडलेलं नॉड२ हे जनुक २००१ मध्ये सापडलं, तिथे प्रथिनच बिघडतं. पण बहुतेक जागा अशा नाहीत. तिथे प्रथिनाचा मजकूर शाबूत असतो. तो कधी, किती वाचायचा हे ठरवणाऱ्या पट्ट्यांत फरक असतो. २१व्या गुणसूत्रावरची अशी एक जागा तर 'जनुकांचं वाळवंट' म्हणून सोडून दिलेली होती. २०२४ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी दाखवलं की तिथला बदल मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींमध्ये दूरच्या ईटीएस२ जनुकाचा जोर वाढवतो आणि त्या पेशी दाहाकडे झुकतात. मला हा शोध फार मोलाचा वाटतो.

म्हणजे जन्मतः मिळतो तो झुकाव. उसळीसाठी ठिणगी लागते. अस्तराला इजा झाली, जिवाणू आत घुसले, की एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन काही मिनिटांत केंद्रकात शिरतं आणि टीएनएफसारखी (दाहाचा निरोप देणारं प्रथिन बनवणारी) जनुकं चालू करतं. ते टीएनएफ शेजारच्या पेशीतही हेच घडवतं. गंमत म्हणजे एनएफ-कप्पा-बी स्वतःला आवरणारी जनुकंही चालू करतं, म्हणूनच निरोगी माणसात आग विझते. आपल्याकडे हा ब्रेक पुरा पडत नाही. स्टेरॉइड काम करतात ते बरंचसं याच टप्प्यावर.

आता पेशींचं. आतड्याचं अस्तर साधारण ३ ते ५ दिवसांत नवं होतं; खालच्या खळग्यांतल्या मूळपेशी ते घडवतात. दाह रेंगाळला की या घडणीतच फरक पडतो. चिकट श्लेष्मा बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी कमी होतात, थर विरळ होतो, जिवाणू आणखी जवळ येतात. जिवाणूंशी लढणाऱ्या पॅनेथ पेशी मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात एरवी नसतात, पण आता तिथे उगवतात. माझ्या बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये 'पॅनेथ सेल मेटाप्लेझिया' वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. तुमच्या रिपोर्टमध्ये दिसलं तर घाबरू नका. ती जुन्या, लांबलेल्या इजेची खूण आहे, तो कर्करोग नव्हे.

रक्त थांबलं, पोट शांत झालं, तरी पेशींच्या पातळीवर दाह शिल्लक असू शकतो. बरं वाटतंय म्हणून मी एकदा गोळ्या स्वतःहून बंद केल्या आणि दोन महिन्यांत परत पहिल्या जागी आलो. पुढच्या कोलोनोस्कोपीनंतर डॉक्टरांना एवढं नक्की विचारा: आतून बरं दिसतंय ते ठीक, पण बायोप्सीत दाह अजून आहे का?