शॉन पॉल आणि साशाच्या 'आयम स्टिल इन लव्ह विथ यू'चं संगीत जुन्या गाण्यातून चोरलंय का?

तुम्ही विचारलंय की जमैकाच्या शॉन पॉल-साशाचं हे गाणं ऐकल्यानंतर १९७०च्या दशकातलं 'अपटाउन टॉप रँकिंग' कानावर पडलं आणि मागे हुबेहूब तेच संगीत वाजत होतं, मग ही चोरी नाही का? नाही, चोरी नाही. पण ज्याचं मूळ होतं त्याच्या पदरात काय पडलं, हे विचारायला हवं. त्याकडे येतोच.

तुमच्या कानाने जे पकडलं त्याला जमैकात रिडिम म्हणतात. बेस आणि ड्रम्स मिळून गाण्याखाली जी बैठक तयार होते, ती. तिला स्वतंत्र नाव असतं आणि एकाच रिडिमवर दहा-वीस जण आपापली गाणी रेकॉर्ड करतात. आपल्या भजनाच्या पुस्तकांत अभंगाच्या वर 'चाल : अमुक' असं छापलेलं असतं, ते आठवा. फरक एवढाच की आपण चाल उसनी घेऊन शब्द बदलतो; तिथे शब्द आणि चाल दोन्ही नवी असू शकतात, खालची बैठक तेवढी जुनी. शॉन पॉलचंच 'गेट बिझी' आणि वेन वंडरचं 'नो लेटिंग गो' लागोपाठ लावून बघा. दोन्हीत तोच टाळ्यांचा ठेका आहे. त्या रिडिमचं नाव चक्क 'दिवाली', आणि तो बांधला स्टीव्हन 'लेंकी' मार्सडेनने.

आता तुमच्या गाण्याची वंशावळ. मूळ गाणं ऑल्टन एलिसचं, १९६७ सालचं, जमैकाची राजधानी किंग्स्टनच्या स्टुडिओ वनमध्ये निर्माता कॉक्सन डॉडसाठी गायलेलं. स्का या जलद जमैकन शैलीची धावपळ ओसरून तिच्यातूनच आलेल्या रॉकस्टेडीचा संथ ठेका रुळला होता तो काळ. एलिस त्या शैलीचा बादशहा. इयरफोन लावा आणि पहिल्यांदा फक्त बेसकडे लक्ष द्या. तो प्रत्येक मात्रेवर वाजत नाही. दोन-चार स्वर टाकतो, थांबतो, पुन्हा येतो. त्या थांबलेल्या जागेत एलिसचा आवाज उतरतो आणि तक्रार करतो : तुला प्रेम करता येत नाही, साधं चुंबनही घेता येत नाही, तरी माझा जीव तुझ्यातच आहे. रडगाणं नाही, आदळआपट नाही. मला हे गाणं फार जवळचं आहे, म्हणून थोडं पाल्हाळ लावतोय.

दहा वर्षांनी, १९७७च्या सुमारास, निर्माता जो गिब्जने हा रिडिम नव्याने वाजवून घेतला आणि गायिका मार्शिया एटकेनकडून तेच गाणं गाऊन घेतलं. आता तक्रार बाईच्या तोंडी आली. त्याच रिडिमवर ट्रिनिटी नावाच्या डीजेने 'थ्री पीस सूट' केलं. (जमैकात डीजे म्हणजे तबकड्या लावणारा नव्हे, ठेक्यावर लयीत बोलणारा.) त्यात त्याने आपल्या सुटाबुटाचा तोरा मिरवला. त्याला उत्तर म्हणून अल्थिया आणि डॉना या दोन शाळकरी वयाच्या मुलींनी आपल्या नट्ट्यापट्ट्याचा तोरा मिरवला, आणि ते तुम्ही ऐकलेलं 'अपटाउन टॉप रँकिंग'. फेब्रुवारी १९७८ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

मग शॉन पॉल आणि साशा. दोघेही जमैकाचे, आणि एका रिडिमवर दोघांनी गाणी करायची ही त्यांची पहिली वेळ नव्हे. १९९०च्या दशकाच्या शेवटी त्याचं 'डिपोर्ट देम' आणि तिचं 'डॅट सेक्सी बॉडी' ही दोन्ही 'बुकशेल्फ' रिडिमवरच गाजली होती, पण वेगवेगळी. एकत्र आले ते या गाण्यात : आधी शॉन पॉलच्या २००२च्या 'डटी रॉक' अल्बममध्ये, मग २००४च्या सुरुवातीला सिंगल म्हणून. निर्मिती स्टीली अँड क्लीव्ही या जमैकन निर्माता जोडीची. साशा एलिसची चाल आणि एटकेनची बाजू घेऊन गाते. आणि शॉन पॉल तिला उत्तर देतो. माझ्या मते या गाण्याचं सगळं मोल इथेच आहे. एलिसने तक्रार केली, एटकेनने केली, पण समोरच्याने तोंड उघडलं नव्हतं. पस्तीस वर्षांनी तो बोलतो, आणि काय बोलतो? मी टिकणाऱ्यांतला नाही, हे तुला ठाऊक आहे. तो डीजेच्या पद्धतीने शब्द ठेक्यावर आपटत जातो, ती स्वर लांबवत राहते. एकाच बेसवर दोघं उभे आहेत आणि एकमेकांचं ऐकत नाहीत. नुसती जुन्या गाण्याची नक्कल असती तर हे जमलं नसतं.

आता पैशाचं, म्हणजे श्रेयात नाव कोणाचं याचं. या द्वंद्वगीताच्या गीतकारांत ऑल्टन एलिसचं नाव आहे. 'अपटाउन टॉप रँकिंग'च्या श्रेयात दोघी मुली आणि ध्वनिमुद्रक एरल थॉम्पसन आहेत, एलिस नाही. ज्या बैठकीवर ते गाणं पहिल्या क्रमांकाला पोचलं ती ज्याच्या गाण्यासाठी घडली, त्याचं नावच नाही. मला हे आजही खटकतं. रिडिम सगळ्यांचा असणं ही तिथल्या संगीताची श्रीमंती आहे हे मान्य, पण तो कोणाच्या गाण्यातून आला हे लिहायला काय हरकत होती?

खुद्द स्टीली अँड क्लीव्हीच्या बाबतीत हाच प्रश्न न्यायालयात गेला. १९८९ सालच्या त्यांच्या 'फिश मार्केट' या रिडिमचा ठेका रेगेटॉन या लॅटिन अमेरिकी नृत्यसंगीताने सर्रास वापरला, असं म्हणत क्लीव्ही आणि दिवंगत स्टीलीच्या वारसांनी २०२१ मध्ये अमेरिकेत दावा लावला. पुढे त्यात दीड हजारांहून अधिक गाणी आली.

ऑल्टन एलिस ऑक्टोबर २००८ मध्ये लंडनमध्ये गेला. म्हणजे साशाच्या तोंडून त्याची चाल जगभर वाजली ती त्याच्या हयातीतच. तुम्ही आता उलट्या क्रमाने आलात, तर एकदा सुलट्या क्रमाने ऐका : एलिस, एटकेन, ट्रिनिटी, अल्थिया-डॉना आणि मग हे दोघं. शॉन पॉलचं पहिलं कडवं सुरू होईल तेव्हा बेसकडे कान ठेवा.