दोन मेल प्रोग्रॅम, टपाल एकच: वाचकांची प्रश्नोत्तरे

या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरणारे निघाले: संगणकावर आउटलूक होतंच, आता थंडरबर्डही टाकलंय, दोन्ही चालतील का? म्हणून प्रिंटर आणि टॅलीवाल्यांनी थोडं थांबावं. नावं न देता फक्त व्यवसाय आणि ठिकाण देतोय.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिसच्या संगणकावर आउटलूक आहे, दिवाणजींना त्याचीच सवय. मुलगा पुण्याहून शिकून आला आणि त्याने त्याच संगणकावर थंडरबर्ड टाकलं. तेव्हापासून काही मेल दिवाणजींना दिसतात, काही मुलाला. खरेदीदाराने डिझाइन बदलल्याचा मेल दिवाणजींना दिसलाच नाही, आणि जुन्याच डिझाइनचा माल मागावर चढला. मेल आमच्या स्वतःच्या डोमेनवर आहे. दोन्हींपैकी कोणता प्रोग्रॅम काढू?

कोणताच काढू नका. दोन प्रोग्रॅम एका संगणकावर असणं हा दोष नाही. आउटलूक आपली मेल स्वतःच्या फायलीत ठेवतं, थंडरबर्ड आपल्या वेगळ्या फोल्डरात, एकमेकांच्या सामानाला ते हातही लावत नाहीत. तुमचा घोळ संगणकावर नाही, सर्व्हरवर आहे, म्हणजे होस्टिंगवाल्याच्या ज्या संगणकावर तुमची मेल आधी येऊन थांबते तिथे.

तुमचं खातं दोन्हीकडे ‘पॉप’ पद्धतीने जोडलंय, हे लक्षणांवरूनच कळतं. पॉप म्हणजे पोस्टात जायचं, आपल्या नावाचं जे असेल ते पिशवीत भरायचं आणि घरी आणायचं. खण रिकामा. पाठोपाठ घरातलं दुसरं कुणी गेलं तर त्याच्या हाती काही लागत नाही. आता मजा बघा: सेटिंगला हात लावला नसेल तर थंडरबर्ड दर १० मिनिटांनी पोस्टात जातं आणि आउटलूक दर ३० मिनिटांनी. त्यामुळे बरीचशी टपाल मुलाच्या पिशवीत जाणार हे ठरलेलंच. मुलाचा प्रोग्रॅम बंद असेल त्या वेळची तेवढी दिवाणजींना मिळते. मुलाने काही लपवलं नाही, दिवाणजींनीही हयगय केली नाही. घरात कुणी कुणावर चिडलं असेल तर हे वाचून दाखवा.

आजच्या आज करायचं ते असं. दोन्ही प्रोग्रॅममध्ये या खात्याच्या सेटिंगमध्ये ‘लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर’ अशा अर्थाची एक खूण असते, ती चालू करा. आउटलूकमध्ये तिच्याच खाली इतक्या दिवसांनी सर्व्हरवरून काढा, अशी दुसरी खूण असते आणि तिथे १४ दिवस भरलेले असतात. दिवाणजी पंधरा दिवस गावी गेले की तोच प्रकार पुन्हा, म्हणून तो आकडा वाढवून ठेवा. आता दोघांनाही सगळं दिसेल, कारण कोणतं पत्र आपण आणलं याची यादी प्रत्येक प्रोग्रॅम स्वतःपुरती ठेवतो.

पण ही मलमपट्टी आहे. दिवाणजींनी वाचलेला मेल मुलाकडे न वाचलेलाच राहील, आणि दिवाणजींनी पाठवलेलं उत्तर मुलाला दिसणारच नाही. पक्का इलाज म्हणजे ‘आयमॅप’. त्यात पत्रं पोस्टातच राहतात आणि दोघेही खिडकीतून तीच पत्रं बघतात. एकाने वाचलं की दुसऱ्याकडे वाचलेलं दिसतं, एकाने फोल्डरात टाकलं की दुसऱ्याकडेही तिथेच. ही काही नवी टूम नाही. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला असताना आयमॅप तयार केलं. तरीही आपल्याकडे होस्टिंग घेताना खातं लावून देणारा पोरगा सवयीने पॉपच लावून जातो.

आहे तेच खातं पॉपचं आयमॅप करता येत नाही, तेच खातं आयमॅप म्हणून नव्याने जोडावं लागतं. मेल घेण्याचा पोर्ट, म्हणजे सेटिंगमध्ये भरायचा जोडणीचा क्रमांक, ९९३. पाठवण्याचा ४६५ किंवा ५८७, होस्टिंगवाला सांगेल तो. मग जुन्या पॉप खात्याची आपोआप मेल आणण्याची सोय दोन्हीकडे बंद करा. ही पायरी विसरलात तर जुनं खातं नव्याच्या तोंडचा घास पळवत राहील. विखुरलेली जुनी मेल शेवटी गोळा करा: दिवाणजींकडचे आणि मुलाकडचे संदेश निवडून आपापल्या प्रोग्रॅममधल्या आयमॅप इनबॉक्समध्ये कॉपी करायचे. ते सर्व्हरवर चढतात आणि दोघांना दिसू लागतात. आधी होस्टिंगवर जागा किती ते विचारून घ्या. आणि सगळं नीट चढलंय याची खात्री होईपर्यंत जुनं पॉप खातं पुसू नका. ही सूचना अनुभवाची आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका गिऱ्हाइकाकडे मी ‘आता याचं काय काम’ म्हणून जुनं खातं आणि त्याची फाईल दोन्ही उडवली होती, आणि तीन आठवड्यांच्या ऑर्डरी परत मागवण्यासाठी त्याच्याच टेबलावर बसून फोन केले होते.

सात रस्त्याजवळ घरगुती शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा व्यवसाय आहे. जीमेल आयमॅपनेच जोडलंय. दुकानातल्या संगणकावर दोन्ही प्रोग्रॅम, घरी लॅपटॉपवर थंडरबर्ड, दोन फोन. मधूनच ‘टू मेनी सायमल्टेनियस कनेक्शन्स’ असं येतं आणि मेल थांबते. खातं कुणी हॅक केलंय का?

नाही ताई, गर्दी तुमचीच आहे. जीमेल एका खात्याला एका वेळी १५ आयमॅप जोडण्या देतं. थंडरबर्ड एकटंच पाच घेऊन बसतं. दोन ठिकाणची थंडरबर्डं म्हणजे दहा झाल्या. उरलेल्या पाचांत आउटलूक आणि फोन रेटारेटी करतात. दोन्ही थंडरबर्डात खात्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ उघडा, कनेक्शनच्या आकड्यापुढे ५ च्या जागी २ लिहा आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू करा. मेल हळू येईल असं वाटेल, पण फरक जाणवतही नाही.

सांगोल्याहून लिहितोय. डाळिंब निर्यात करतो. दोन्ही प्रोग्रॅम वर्षभर वापरतोय, मेल हरवत नाहीत, पण तीन त्रास आहेत: पाठवलेल्या मेलचे दोन फोल्डर झालेत, रजेवर असल्याचं उत्तर ग्राहकाला दोनदा गेलं, आणि दुबईच्या ग्राहकाचे मेल अधूनमधून जंकमध्ये जातात.

तिन्हींचं मूळ एकच: दोन कारभारी एकाच कामाला लागलेत. फोल्डरचं सोपं आहे. आउटलूकला ‘सेंट आयटम्स’ नाव माहीत, थंडरबर्डला नुसतं ‘सेंट’. खात्याचा सर्व्हर स्पष्ट सांगत नसेल तर जो तो आपल्या नावाचा फोल्डर काढून बसतो. थंडरबर्डच्या ‘कॉपीज अँड फोल्डर्स’मध्ये जाऊन पाठवलेली प्रत ‘सेंट आयटम्स’मध्येच ठेव असं सांगा, जुने संदेश तिकडे हलवा. कचऱ्याच्या फोल्डरचंही बघून घ्या, तिथेही बहुधा ‘ट्रॅश’ आणि ‘डिलीटेड आयटम्स’ असे दोन संसार असतील. (खातं जीमेलचं असेल तर पाठवलेली प्रत ते स्वतःच ठेवतं. थंडरबर्डला वेगळी प्रत ठेवूच नको म्हणा.)

आपोआप उत्तराचा नियम कोणत्याच प्रोग्रॅममध्ये ठेवू नका. मेल सेवेच्या वेबसाइटवर लॉगिन करून तिथे एकदाच लावा. संगणक बंद असला, सांगोल्यात वीज गेली, तरी तो काम करतो. मेल फोल्डरात टाकणारे बाकीचे नियमही शक्यतो तिथेच. ते जमत नसेल तर एकाच प्रोग्रॅममध्ये ठेवा. दोन्हीकडे एकमेकांविरुद्ध नियम असले तर मेल कुठे गेली ते शोधताना दुपार जाते.

जंकचं मात्र मनावर घ्या, तिथे पैसे अडकलेत. सर्व्हरची एक चाळणी, आउटलूकची दुसरी, थंडरबर्डची तिसरी. थंडरबर्डची चाळणी तुम्ही जंक किंवा जंक नाही म्हणाल त्यावरून शिकत जाते. आउटलूकची तसं शिकत नाही, तिला सुरक्षित पत्त्यांची यादी द्यावी लागते. तुम्ही एकीला शहाणं केलं तरी दुसरीला त्याचा पत्ता नसतो. माझं मत: सर्व्हरची चाळणी राहू द्या आणि प्रोग्रॅममधल्या दोन्ही बंद करा. दहा फालतू मेल जास्त दिसतील. कंटेनरचा एक मेल हरवण्यापेक्षा ते परवडतं.

जुळे सोलापूर. निवृत्त शिक्षिका आहे. विंडोजमधलं साधं ‘मेल’ बंद झालं आणि त्याजागी ‘आउटलूक (न्यू)’ आलं. मुलाने ऑफिससोबत जुनं आउटलूकही टाकून दिलंय. एकाच नावाचे दोन प्रोग्रॅम कसे? एक काढला तर दुसरा जाईल का?

जाणार नाही, बाई. नाव एक असलं तरी माणसं दोन आहेत. विंडोजच्या मेलचा आधार ३१ डिसेंबर २०२४ ला संपला आणि मायक्रोसॉफ्टने नवं आउटलूक पुढे केलं. नव्यात एक गोष्ट समजून घ्या: त्यात जीमेल किंवा इतर खातं जोडलं की ती मेल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर आणून मग तुम्हाला दाखवली जाते. जुनं आउटलूक किंवा थंडरबर्ड थेट तुमच्या मेल सेवेशी बोलतं. नव्याच्या या पद्धतीत घाबरण्यासारखं नाही, पण माहीत असावं. नातवंडांचे फोटो आणि पेन्शनच्या पावत्या एवढंच असेल तर जे डोळ्यांना सोपं वाटतं ते ठेवा. दुसऱ्याचं चिन्ह टास्कबारवरून नुसतं काढा, प्रोग्रॅम राहू द्या.

नवी पेठेत सीए ऑफिस आहे. थंडरबर्डवर जायचंय, पण आउटलूकची फाईल ३८ जीबी झालीय. महिनाभर दोन्ही चालवून सगळं तिकडे हलवायचा विचार आहे. ती फाईल वनड्राइव्हच्या फोल्डरात ठेवलीय, म्हणजे बॅकअपही होतो.

शेवटचं वाक्य वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. आउटलूकची डेटा फाईल उघडी असताना सतत बदलत असते आणि वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण, तीच फाईल सारखी वर चढवू पाहतं. त्या ओढाताणीत फाईल बिघडते, आणि बिघडलेली प्रतच तुमचा बॅकअप होते. आज संध्याकाळी आउटलूक पूर्ण बंद करून ती वनड्राइव्हबाहेर हलवा. पुढच्या वेळी आउटलूक फाईल कुठाय विचारेल, तेव्हा नवी जागा दाखवा. बॅकअप म्हणजे आठवड्यातून एकदा, आउटलूक बंद असताना, बाहेरच्या डिस्कवर कॉपी. दुसरं, या फाईलची ठरलेली मर्यादा ५० जीबी आहे. रिटर्नचे दोन हंगाम आणखी गेले की तुम्ही तिथे टेकाल.

आता हलवण्याचं. जीमेलची फुकट जागा १५ जीबी, तीही फोटो आणि ड्राइव्ह धरून. ३८ जीबी त्यातून नेता येणार नाहीत. आणि मी म्हणतो न्यायचेच कशाला? चालू आणि मागच्या आर्थिक वर्षाची मेल आयमॅपमध्ये चढवा, ती थंडरबर्डात आपोआप दिसेल. बाकीच्यांसाठी आउटलूक ठेवा, माळ्यावरच्या जुन्या दप्तरासारखं. त्यातलं खातं काढून टाका, म्हणजे नवी मेल तिथे येणार नाही. जुन्या अशिलाची नोटीस आली की उघडायचं, शोधायचं, बंद करायचं. दोन प्रोग्रॅम शेजारीशेजारी ठेवण्याचं याहून चांगलं कारण मला तरी दुसरं दिसत नाही.

थंडरबर्डच्या बाजूने एकच खबरदारी. ते नेहमीच्या मांडणीत एका फोल्डरची सगळी मेल एकाच फायलीत ठेवतं. अँटिव्हायरसला त्यातल्या एखाद्या मेलमध्ये काही सापडलं तर तो कधी कधी अख्खी फाईलच उचलून कोंडून ठेवतो, आणि इनबॉक्स रिकामा दिसतो. थंडरबर्डचं प्रोफाईल फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळा. जोडलेली फाईल उघडताना ती तपासली जातेच.

नोकरी शोधतोय, होटगी रोड. जाहिरातीतल्या ईमेल पत्त्यावर क्लिक केलं की आउटलूक उघडतं, मी वापरतो थंडरबर्ड. शिवाय घरच्या जुन्या संगणकावरच्या आउटलूक २०१० मध्ये जीमेलचा पासवर्ड बरोबर असूनही नाकारतात.

पहिलं: विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, त्यात ‘डीफॉल्ट ॲप्स’, तिथे थंडरबर्ड निवडा आणि ‘मेलटू’पुढे (म्हणजे ईमेल पत्त्यावरच्या क्लिकसाठी) तेच आहे ना बघा. क्लिकवर आपोआप उघडणारा प्रोग्रॅम एकच असू शकतो, पण दुसरा त्यामुळे बंद पडत नाही.

दुसरं: ३० मे २०२२ पासून गूगल नुसत्या पासवर्डवर जुन्या प्रोग्रॅमना आत घेत नाही. गूगल खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा ‘ॲप पासवर्ड’ काढा आणि तो आउटलूकमध्ये टाका. खरं तर २०१० चा आधार १३ ऑक्टोबर २०२० लाच संपलाय. बायोडाटा पाठवायचं काम आहे, ते थंडरबर्डातूनच करा.