राजपुत्राची खरंच मजा असायची का?

प्रश्न : आमच्या घरात सध्या चिनी सिरीयलींचं वेड आहे. त्यातले राजपुत्र नुसते बागेत फिरतात नाहीतर कारस्थानं करतात. एवढा रिकामा वेळ असायचा का हो त्यांना?

उत्तर : कारस्थानं खरी, रिकामा वेळ मात्र खोटा. निदान छिंग घराण्यात (१६४४ ते १९१२) तरी. पोरगं सहा वर्षांचं झालं, तेही त्यांच्या मोजणीने, म्हणजे आपल्या हिशोबाने पाचच, की पहाटे पाचच्या सुमारास शाळेत हजर आणि दुपारी उशिरापर्यंत सुटका नाही. मांचू (या घराण्याची मूळ भाषा), मंगोल, चिनी अशा तीन भाषा, वर तिरंदाजी आणि घोडा. कांगशी बादशहाच्या काळात तर धडा १२० वेळा म्हणायला लावायचे! सुट्ट्या वर्षातून बोटावर मोजण्याइतक्या. १८व्या शतकातला चाव यी नावाचा अधिकारी लिहून गेलाय की पहाटेच्या ड्युटीला आम्ही काळोखात खांबाला टेकून डुलक्या काढत असायचो आणि लांबून एक पांढरा कंदील आत जाताना दिसायचा, ते राजपुत्र अभ्यासाला निघालेले. वर म्हणतो, आमचं पोट शिकण्यावर, तरी आम्हाला उठवत नाही.

प्रश्न : पण गादी एकालाच मिळणार, मग बाकीच्यांचं काय?

उत्तर : इथेच खरी गोची होती. कांगशीला ३५ मुलगे, त्यातले वीसेक मोठे झाले. दुसऱ्या नंबरचा यिनरंग तान्हा असतानाच युवराज केला, १७०८ मध्ये काढला, १७०९ मध्ये परत बसवला, १७१२ मध्ये पुन्हा काढला आणि मग मरेपर्यंत नजरकैद. आठव्याचं दुःख वेगळंच, तो लोकांना आवडायचा. बापाने दरबाऱ्यांना विचारलं, नवा युवराज कोण हवा, सगळ्यांनी त्याचंच नाव घेतलं आणि बाप भडकला, म्हणजे विचारलं कशाला मग? १७२२ मध्ये चौथा मुलगा योंगचंग म्हणून गादीवर आला. बादशहाच्या मूळ नावातलं अक्षर इतरांना चालत नाही म्हणून भावांनी आपल्या नावातलं ‘यिन’ बदलून ‘युन’ केलं. १७२६ मध्ये आठवा आणि नववा खानदानातून बाद, त्यांना अपमानास्पद नावं दिली आणि दोघंही त्याच वर्षी कैदेतच वारले. तेरावा मात्र लाडका, त्याच्याकडे मोठा कारभार होता. गादीचा तमाशा पुन्हा नको म्हणून योंगचंगने १७२३ मध्येच वारसाचं नाव लिहून पेटीत बंद करायचं आणि ती राजवाड्यातल्या एका पाटीमागे ठेवायची पद्धत सुरू केली. मला तरी हा शहाणपणा वाटतो, पण भावांचं गादीवरून फाटून गेल्यावरचा.

प्रश्न : त्याआधीच्या मिंग घराण्यात तरी बरं होतं का?

उत्तर : पोटापाण्याला बरं. भत्ता मिळायचा, पण परवानगीशिवाय आपलं गाव सोडायचं नाही आणि दरबारी राजकारणात पडायचं नाही. चू त्साययू (१५३६–१६११) नावाच्या राजपुत्राच्या बापाने बादशहाच्या ताओ पंथाच्या पूजापाठावर टीका केली म्हणून तो तुरुंगात गेला, तर हा पठ्ठ्या महालाबाहेर मातीच्या खोपटात १९ वर्षं राहिला, बाप सुटेपर्यंत. तिथून पुढे गणित आणि संगीतात इतका शिरला की सप्तकातले बारा स्वर समान अंतराने कसे बसवायचे याचा अचूक हिशोब त्याने मांडला. आपली पेटी, कीबोर्ड आज साधारण त्याच तत्त्वावर लावतात. बाप वारल्यावर त्याची पदवी चालून आली तर नको म्हणून वर्षानुवर्षं अर्ज करत राहिला आणि शेवटी सोडलीच.