मेणकिड्यानंच रोग आणला का? सातेरी आणि मेलिफेरा पेट्यांबद्दल

जांबोटी भागातनं एका काकांनी फोटो पाठवून विचारलंय की सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, पेटीत मेणकिडा (पोळ्याचं मेण खाणारी पतंगाची अळी) शिरला, जाळी केली, माश्यांच्या अळ्या मरायला लागल्या आणि चार दिवसांत माश्या उठून गेल्या, तर रोग किड्यानंच आणला काय, आणि उरलेली पोळी दुसऱ्या पेटीला देऊ काय. निपाणीकडनं सूर्यफुलात पेट्या ठेवणाऱ्या एका भावांचा प्रश्न पण तसलाच, त्यांच्या मेलिफेराच्या, म्हणजे परदेशी जातीच्या मधमाशीच्या, पेटीच्या दारात पंख आखडलेल्या माश्या रांगताहेत. दोघांना एकदमच सांगतो.

काका, पहिलं म्हणजे ती पोळी कुठंच देऊ नका. फोटोत माशीची अळी उताणी पडलीय, तोंड वर टोकदार झालंय, घराचं झाकण गेलंय. असली एक अळी चिमट्यानं अलगद उचलून बघा, पाण्यानं भरलेल्या पिशवीगत अख्खी बाहेर आली तर थाई सॅकब्रूड समजा. हा व्हायरस आहे, 1991-92 च्या सुमारास ह्यानंच केरळ, तामिळनाडू, कर्नाटकातल्या सातेरीच्या पेट्या रिकाम्या केल्या होत्या, जुन्या माणसांना विचारा की. औषध नाही ह्याला. अँटिबायोटिक घालून पैसे घालवू नका.

म्हणजे बहुतेक उलटं झालंय बघा. आधी रोग आला, माश्या कमी झाल्या, पोळी उघडी पडली आणि मग रात्री पतंगानं येऊन फटीत अंडी घातली. भरल्या वसाहतीत माश्या पतंगाच्या अळीला ओढून बाहेर टाकतात, टिकूच देत नाहीत.

आता किडा रोग वाहतो का? बाहेरच्या देशांत मेणकिड्याच्या अळीत मधमाशीचे व्हायरस सापडलेत, मुंग्यांतही सापडलेत. पण सापडला म्हणजे पसरवला असं होत नाही, तंबाखूच्या वखारीतनं आलेल्या माणसाच्या अंगाला वास येतो म्हणून तो तंबाखू ओढतोच असं आपण म्हणतो काय? रोगट पोळं खाल्लं की पोटात व्हायरस जाणारच. मात्र अमेरिकन फाऊलब्रूडचे, म्हणजे माशीच्या अळ्या कुजवणाऱ्या जिवाणूच्या रोगाचे, बीजाणू मेणकिड्याच्या विष्ठेतनं जिवंत बाहेर पडतात आणि पोळ्यात वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळं जाळीखालची ती काळी कणीदार घाण हलक्यात घेऊ नका. तो रोग ओळखायचा असेल तर माशीच्या मेलेल्या अळीत काडेपेटीची काडी घालून हळू ओढा, चिकट तपकिरी तार निघाली तर शंका धरा आणि पेटी हलवू नका.

निपाणीच्या भावांची गोष्ट वेगळी. तिथं खरोखरच वाहक आहे, व्हरोआ माईट. हा लालसर तपकिरी चपटा जीव झाकण बसायच्या आधी अळीच्या घरात शिरतो, तिथंच वाढतो आणि चावताना पंख आखडवणारा व्हायरस आत सोडतो. सातेरीत तो बहुतेक नर माशीच्याच घरात वाढतो, शिवाय माश्या एकमेकींना साफ करतात, म्हणून तिला तितका त्रास नाही, मेलिफेराला मात्र लय जड जातं. तपासायला अर्धा कप माश्या, साधारण 300, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या, राणी त्यात नाही ना बघा, दोन चमचे पिठीसाखर टाका, दोन मिनिटं बरणी फिरवा आणि पांढऱ्या कागदावर झटका. नऊ-दहाच्या वर माईट पडले तर थायमॉल किंवा फॉर्मिक ॲसिड वापरायची वेळ आली, पण मध काढून झाल्यावरच, लेबलवर दिलंय तेवढंच, आणि फॉर्मिकला हातमोजे पाहिजेतच.

मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवा, वाटी आठवड्याला धुवा, नाहीतर पानं पडून पूल होतो, हे मी स्वतःच्या चार पेट्यांवर भोगलंय.

पण मला विचाराल तर आपल्याकडं सगळ्यात जास्त रोग वाहतो तो आपला हात. एका पेटीतली फ्रेम दुसरीत, फ्रेम उचकटायची तीच पटाशी, तेच हातमोजे. निरोगी पेटी आधी उघडा, आजारी शेवटी, पटाशी मध्ये उकळत्या पाण्यात धुवा किंवा जाळावर धरा. खानापूरकडं जुलै-ऑगस्टच्या पावसात फुलोरा नसतो तेव्हा रिकाम्या फ्रेम काढून घ्या, रोग नसलेल्या असतील तर दोन दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवून घट्ट पिशवीत बांधा. रोगट पोळी जाळून टाका, मेणाचा मोह नको. नॅप्थलीनच्या गोळ्या घालू नका, मधात वास उतरतो.

आपल्या कर्नाटकात मधमाशीपालन बागायत खात्याकडं, म्हणजे तोटगारिकेकडं येतं, तालुक्याच्या ऑफिसात जाऊन नमुना दाखवा. आणि पुढच्या वेळी फोटो आख्ख्या पेटीचा नको, उजेडात धरलेल्या दोन-तीन घरांचा जवळनं काढून पाठवा.