भारतात फिजिओथेरपीचं पहिलं कॉलेज कुठं आणि कसं सुरू झालं?

ताई तुम्ही विचारलंय की भारतात फिजिओथेरपी शिकवणं कधी सुरू झालं, आणि मुलगी इथंच नागपूरला बीपीटीएचला (फिजिओथेरपीच्या डिग्रीला) लागल्यावर नातेवाईक "मालिशच तर शिकायचीय" म्हणतात ते खरं का. मी याच लाईनमधे आहे, मेडिकल चौकाजवळच राहतो, म्हणून सांगतो.

सुरुवात मुंबईची. 1950 च्या आसपास तिथं पोलिओची मोठी साथ आली, त्यातून लेकरं जगली पण पाय गेले. पोलिओचा व्हायरस मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या पेशी मारतो, म्हणजे पाय लुळा पडतो पण चिमटा काढला तर कळतं. अशा लेकराला डॉक्टर तपासून जाऊ शकतो, पण रोज सांधा फिरवून तो आखडू न देणं, उरलेल्या स्नायूंना महिनोन्महिने कामाला लावणं, मग कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या, घालून उभं करणं, हे कोण करणार? तशी शिकलेली माणसंच देशात जवळपास नव्हती. म्हणून 1952-53 मधे परळच्या केईएम हॉस्पिटलमधे फिजिओथेरपीची पहिली शाळा निघाली, सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना असं मिळून. आणि हो, त्याच केईएममधे 1950 ला कमला निंबकर बाईंनी ऑक्युपेशनल थेरपीची (ओटी, म्हणजे पेशंटला रोजची कामं पुन्हा करायला शिकवणं) शाळा काढली होती, पुढं आपल्या नागपूरची ओटीची शाळाही त्यांनीच उभी केली, हे इथल्या लोकांनाही माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं.

आता मालिशचं. ब्रिटनमधे 1894 ला चार नर्सेसनी संघटना काढली तिच्या नावातच मसाज होतं, त्यामुळं नातेवाईक अगदीच हवेतलं बोलत नाहीत, पण गोष्ट तिथं थांबली नाही नं. तुमची मुलगी स्नायूची ताकद 0 ते 5 मधे मोजायला शिकेल, 0 म्हणजे काहीच हालचाल नाही, 3 म्हणजे पायाचं स्वतःचं वजन उचलता येतं. ही पद्धत अमेरिकेत शंभरेक वर्षांपूर्वी पोलिओच्याच पेशंटवर बसवली गेली. आज ती लकव्याला, मणक्याच्या पेशंटला, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर, सगळीकडं वापरतो.

मी शिकत होतो तेव्हा गडचिरोली, चंद्रपूरकडून एसटीनं पोलिओची पोरं यायची. मांडीवर हात दाबून चालायची, कारण गुडघा सरळ ठेवणारा स्नायूच नसायचा, हातानं मांडी मागं ढकलली नाही तर पोरगं धाडकन खाली. एक पोरगी पहिल्यांदा कॅलिपर घालून दोन्ही हात मोकळे सोडून उभी राहिली तेव्हा तिची माय भिंतीला टेकून रडून राहिली होती, मला काही बोलता येईना. 2011 नंतर देशात वाइल्ड पोलिओची (म्हणजे लसीतून न आलेल्या, मूळ व्हायरसच्या पोलिओची) एकही केस नाही, तुमच्या मुलीला ती चाल कदाचित फक्त मोठ्या माणसांत दिसेल. दिसली तर तिला म्हणावं नीट बघ, तुझ्या कोर्सची सुरुवात तिथून झालीय.